कधीपासून

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा होता. एखादी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आतला माणूस दारावर धपाधपा हात मारायला लागला, की बाकीचे मेकॅनिक आधी वर मशीनच्या खोलीकडे पळायचे. हा आधी दाराच्या फटीला तोंड लावायचा.

"घाबरू नका! मी आलोय. खाली-बिली काही पडत नाही तुम्ही, हा दोर हत्तीलासुद्धा झेलतो. जेवलात का? काय जेवलात?"

मग वर जायचा, तिथून काम करता करता खाली ओरडत राहायचा. कुणाला स्वतःच्या शाळेतल्या गमती सांग, कुणाला सासऱ्याच्या घोरण्याच्या. एकदा एका म्हाताऱ्याला बाहेर काढलं, तर तो म्हणाला, "थांब रे, आधी सासऱ्याचं पुढे काय झालं ते सांग, मग जातो." हा किस्सा भोंग्याने स्वतःच घरी येऊन सांगितला होता, आणि सांगताना इतका हसला होता की पाण्याचा ठसका लागला होता.

त्याची बायको दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, त्यात एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा, शेवटी घासून चकचकीत करायचं. लोकांच्या कवळ्या तिच्या हातून जायच्या. ओळखीचे थट्टा करायचे, "नवरा माणसांना वर-खाली करतो आणि बायको त्यांना चावायला शिकवते." आणि राहायला होते तिसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्टच नसलेल्या इमारतीत. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिना, यावरही बरीच वर्षं हसून झालं होतं.

म्हणजे संसार चारचौघांसारखा होता. भांडणं व्हायची, मिटायची. एक मुलगी होती, ती लग्न करून दुसऱ्या गावी गेली होती. पन्नाशी आली होती, आणि आता जरा निवांत बसू, असं दोघंही म्हणायला लागले होते.

तिची आई गेली, त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं झालं. सकाळी भावाचा फोन आला. ती तशीच फोन हातात धरून बाहेरच्या खोलीत आली. भोंगा टीव्हीसमोर बसला होता.

"अहो, आई गेली."

"बरं," तो म्हणाला. नजर टीव्हीवरच. थोड्या वेळाने म्हणाला, "मग आज जेवायचं काय?"

तिला वाटलं, धक्का बसला असेल. सासूवर त्याचा जीव होता, कधीकधी तिच्याहून जास्त. पण तिकडे माहेरी माणसं जमली, रडारड झाली, आणि हा कोपऱ्यात बसून बिस्किटांचा पुडा संपवत होता. भावाने तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

तिथून पुढे मात्र काहीच सरळ राहिलं नाही. तिच्या ताटातला चांगला तुकडा तो न विचारता उचलायला लागला. खालच्या मजल्यावरच्या लंगड्या शेजाऱ्याची, त्याच्या तोंडावर, नक्कल करायला लागला. अंघोळीला सांगितलं की अंगावर धावून यायचा. ती तापाने फणफणली होती तेव्हा दारातून डोकावून म्हणाला, "उठतेस का? भूक लागलीय." पाणी दिलं नाही, कपाळाला हात लावला नाही.

ती भांडली. रडली. अबोला धरून बघितला, तर अबोला धरलाय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मग तिला वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. त्याचे खिसे तपासले, फोन तपासला. मग वाटलं, पितो. झोपला असताना तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. संशय घ्यायलासुद्धा काही सापडेना.

आणि मग मुलीचं ते झालं. पहिलंच बाळंतपण, पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. मुलीने दवाखान्यातूनच फोन केला. आईशी बोलून झाल्यावर हुंदके देत म्हणाली, "बाबांना दे ना." त्याने फोन घेतला, ऐकून घेतलं, आणि हसला. "बरं झालं," म्हणाला. "खाणारं एक तोंड कमी."

पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर मुलगी घरी आली नाही, आणि बापाशी बोललीही नाही. आईशी बोलायची ती आई कामावर असतानाच.

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, बस्स. आता नाही. माणूस वयाने बदलतो म्हणतात, पण हा बदलला नव्हता, हा नासला होता. लॅबच्या जवळच एका बाईकडे भाड्याने खोली होती. एक खिडकी, एक ओटा. ती दोनदा जाऊन बघून आली. खिडकीतून समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी दिसायची, आणि तिथे उभं राहिलं की तिला कित्येक दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटायचा.

त्याच सुमारास लिफ्टचं प्रकरण झालं. एका जुन्या इमारतीत एक बाई अडकली होती. दम्याची बाई. भोंगा वेळेवर पोचला. लोकांनी सांगितलं ते असं: त्याने दाराला कान लावून आतलं ओरडणं ऐकलं, घड्याळ बघितलं, "सुट्टी झाली," म्हणाला, आणि हत्यारांची पेटी उचलून चालता झाला. समोरच्या बेकरीत जाऊन केक खात बसला. दुसरा मेकॅनिक येईपर्यंत त्या बाईचे ओठ निळे पडले होते. वाचली, पण नशिबानेच.

कंपनीने त्याला काढलं. जुना सोबती घरी सांगायला आला. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता.

"वहिनी, मी त्याच्याबरोबर वीस वर्षं काढली. भोंगा असं करणारच नाही. काहीतरी बिघडलंय त्याच्यात."

"बिघडलंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी रोज बघते."

"तसं नाही हो. डॉक्टरला दाखवा. आम्ही साहेबांनाही तेच सांगितलंय."

आत भोंगा जॅमची बाटली मांडीवर घेऊन बोटाने चाटत बसला होता. सोबत्याने "काय रे, भोंग्या" म्हणून हाक मारली. त्याने वरसुद्धा बघितलं नाही.

मोठ्या नणंदेला कळलं तेव्हा ती तडक आली. हिने खोली बघितल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. "नोकरी होती तोवर नवरा गोड," नणंद म्हणाली. "नोकरी गेली आणि तू निघालीस?"

"वन्सं, तुम्ही चार दिवस इथे राहून बघा."

"मी त्याला लहानाचा मोठा केलाय. मला नको सांगूस."

डॉक्टरकडे नेलं ते कंपनीच्या सोबत्याने मागे लागून. मेंदूच्या डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला शांत. यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले, त्याला प्रश्न विचारले. आजची तारीख त्याने बरोबर सांगितली. गावाचं नाव, इमारतीचं नाव, लिफ्टच्या दोराची जाडी, सगळं बरोबर. तिला वाटलं, आता या म्हणणार, ठणठणीत आहे, तुमचाच स्वभाव तपासा.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. "हा पुढचा भाग बघा. इथे भरलेलं दिसायला हवं. वाळत चाललंय." मग तिच्याकडे वळल्या. "हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"हेच. माणसांचं काही वाटेनासं होणं."

भोंग्याने हात लांब करून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा त्यांचा चहाचा कप उचलला आणि पिऊन टाकला.

"लोकांना वाटतं, या आजारात आधी आठवण जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कपाकडे त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "या प्रकारात ती बरीच टिकते. आधी माया जाते. घरच्यांना वाटतं, माणूस वाईट झाला. घरं मोडतात त्यात. ते वाईट नाहीत. त्यांच्या हातात काहीच नाही."

"औषध?"

"थांबवणारं नाही. झोपेसाठी, चिडचिडीसाठी देता येईल. पुढे बोलणं जाईल, मग गिळणं. वय कमी आहे, शरीर धडधाकट आहे. त्यामुळे..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

बाहेर आल्यावर तो झपाझपा पुढे चालत होता, ती मागे. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडी होती, लोक पिशव्या घेऊन चालले होते. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आजार आहे, नवरा वाईट नाही. पण वाटलं नाही. इतके दिवस ती रागावर उभी होती. राग होता म्हणून सकाळी उठता यायचं, राग होता म्हणून ती खोली होती. आता रागवायचं कुणावर? वाळलेल्या मेंदूवर?

संध्याकाळी तिने खोलीवाल्या बाईला फोन करून नको म्हणून सांगितलं.

"का हो, दुसरी मिळाली?"

"नाही. घरी आजारपण निघालं."

"अरे देवा. मग बरोबर आहे. आपलं माणूस शेवटी आपलं असतं."

कामावर दात बसवताना तिच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचा प्रश्न फिरत राहायचा. कधीपासून? आईच्या वेळेपासून, हे नक्की. पण त्याच्या आधी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तो दवाखान्यात एकदाच आला, तोही दहा मिनिटं. ते आजारामुळे, की कंटाळ्यामुळे? त्याच्याही आधी एकदा त्याने सगळ्यांसमोर तिला अक्कलशून्य म्हटलं होतं. तेव्हा मुलगी शाळेत होती. ते तरी त्याचं स्वतःचं होतं ना? तिला तो एक अपमान हवा होता, निखळ, धडधाकट नवऱ्याने केलेला, ज्याचा राग करता येईल. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे आत बरीच वर्षं चालू असतं. म्हणजे मागच्या कुठल्याच गोष्टीवर बोट ठेवून, हा तो आणि हा आजार, असं म्हणायची सोय उरली नव्हती. साचा हललेला असला की त्यावर बसवलेला एकही दात विश्वासाचा राहत नाही, तसं झालं होतं.

तिने मुलीला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हा ते बोलले ते..."

"आजारच बोलला गं तो. बाबा नाही."

"आई, मला कळतंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "पण आजार होता हे आता कळलं, म्हणून ते मला ऐकू आलं नव्हतं, असं होतं का?"



मग सांभाळणं सुरू झालं. सांभाळणं हा शब्द ऐकायला मऊ आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत होती. साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. तो गळ्यातली किल्ली ओढायचा, मानेवर वळ उठायचे. रोज ठरलेल्या वाटेने फिरायला जायचा, वाटेतल्या प्रत्येक इमारतीत घुसून लिफ्टने वर, लिफ्टने खाली. सुरुवातीला पहारेकरी ओळखायचे, "आपला भोंगा आहे," म्हणून सोडायचे. मग त्याने एका लहान मुलीच्या हातातलं चॉकलेट हिसकावलं, आणि त्या इमारतीने दार बंद केलं. हळूहळू सगळ्यांनीच केलं.

सांभाळायला एक माणूस ठेवला. धट्टाकट्टा, हसरा. पंधरवड्यात त्याच्या दंडावर दातांचे व्रण उठले. "ताई, मी म्हाताऱ्यांना सांभाळतो," जाताना तो म्हणाला. "म्हातारी माणसं दमतात. हे दमत नाहीत."

मग ती त्याला लॅबमध्येच घेऊन जायला लागली. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवायची. मालक चांगला होता, चालवून घेतलं. एक दिवस सगळे जेवायला गेले तेवढ्यात भोंग्याने गुलाबी मेणाचे तुकडे खाऊन टाकले, आणि कुणाची तरी तयार कवळी स्वतःच्या तोंडात कोंबली. आत त्याचे स्वतःचे बत्तीस दात, वरून परक्याचे. तोंड मिटेना, कवळी निघेना, आणि तो डोळे विस्फारून सगळ्यांकडे बघत होता. कामावरच्या मुली हसायला लागल्या. तिलाही हसू फुटलं, पोट धरून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिला कळलं नाही. मालकाने तिला बाहेर नेऊन पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही कधीही या. त्यांना नका आणू."

तिने कामाचे तास अर्ध्यावर आणले. मग काम घरी आणलं, मग तेही सुटलं.

नणंद रविवारी यायची. तासभर बसायची. तिच्याबरोबर केकचा डबा असायचा, त्यामुळे त्या तासात तो मांजरासारखा गरीब असायचा. "माझ्यासमोर तर किती शांत असतो," नणंद म्हणायची. "तुझाच आवाज चढतो." ती ऐकून घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा वरच्या फळीवरून पिठाचा डबा काढताना तिच्या पायाखालचं स्टूल निसटलं. ती मनगटावर पडली. कळ डोक्यात गेली. पिठाचा डबा आपटला, त्यामागे लपवलेला बिस्किटांचा पुडा घरंगळत दाराशी गेला. भोंगा आवाज ऐकून आला. ती जमिनीवरून म्हणाली, "अहो, हात द्या." त्याने तिला बघितलं, म्हणजे वाटेत पडलेलं काहीतरी बघतात तसं. मग पाय उचलून तिला ओलांडलं, पुडा उचलला आणि परत ओलांडून निघून गेला.

ती तशीच पडून राहिली. पीठ केसात, डोळ्यात. राग आला नाही. येईल म्हणून तिने वाट बघितली. मनगट सुजत गेलं, आणि छातीत मात्र काहीच हललं नाही. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, हे मला पण लागलंय की काय.

मनगटाचं हाड तडकलं होतं. एका हाताने सगळं करायचे ते दिवस. अशाच एका दुपारी तो पेंगत होता म्हणून ती खाली जाऊन दूध घेऊन आली. वर येऊन दार लोटलं. दाराला वरती एक कडी होती, त्याचा हात पोचला तरी त्याला ती उघडायचं सुचत नसे. एवढी एक कडी लावली की घर बंद. तिने हात वर केला. कडीला लावला. आणि खाली घेतला.

दार नुसतं लोटून ती स्वयंपाकघरात गेली. चहा केला. बाहेरच्या खोलीत पावलं वाजली, दार करकरलं, जिन्यावरून चपला उतरत गेल्या. ती ऐकत होती. मनात एक वाक्य आलं, स्वच्छ, कुणीतरी कानात सांगितल्यासारखं: सुंठीवाचून खोकला जाईल.

तिने चहा गरम असतानाच प्यायला. मग पलंगावर आडवी झाली, आणि शांत झोप लागली.

जाग आली ती खालच्या शेजाऱ्याच्या हाकांनी. तोच लंगडा शेजारी, तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा होता. "ताई, चला, चला लवकर. चौकात. सामानाच्या गाडीने..."

भोंगा मेला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्या. दवाखान्यात त्याचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. तो ओरडत नव्हता, शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या ताटाकडे बघत होता. नर्स तिला म्हणाली, "इतक्या कमी वयात हे असं, आणि तुम्ही एकट्या करता. तुमचा हात प्लास्टरमध्ये, तरी. तुमच्यासारखी माणसं नाही बघायला मिळत." आजूबाजूच्या पलंगांवरचे नातेवाईक माना डोलावत होते. कुणीतरी तिला बसायला खुर्ची दिली.

नणंद आली. भावाला बघून, बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ पदर तोंडाला लावून होती. मग म्हणाली, "मी तुला नाही नाही ते बोलले. एक क्षण डोळा लागला आणि बघ काय होऊन बसलं. तू रोज कसं केलंस गं?"

"वन्सं, कडी मी लावली नव्हती."

"होतं असं. विसरतो माणूस."

"विसरले नव्हते."

नणंदेचा हात तिच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी व्हीलचेअर घेऊन गेला, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं वळणावरून पलीकडे जाऊन ऐकू येईनासं झालं.

"हे कुणाला सांगू नकोस," शेवटी नणंद म्हणाली. हात काढून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला. "मुलीला तर मुळीच नको. आणि आता त्याला घरी नको नेऊस. मी बघते सोय."

तिने खरंच बघितली. गावाबाहेर अशा माणसांसाठी एक केंद्र होतं, तिथे कुणाकुणाला भेटून जागा मिळवली, धावपळ सगळी स्वतः केली. पोलिसांना नाही, डॉक्टरांना नाही, कुणालाही एक शब्द बोलली नाही. फक्त त्यानंतर ती या घरी कधी आली नाही. भावाला भेटायला केंद्रावर जायची, ती भावजयीचा भेटीचा वार नसेल त्या दिवशी. रस्त्यात समोर आली तर "बरी आहेस ना?" विचारायची, आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

भोंग्याची बायको त्याला केंद्रात ठेवायला गेली, तेव्हा तिच्या मनात भीती होती. तो आक्रस्ताळेपणा करेल, मागे धावेल. खुब्यात सळई होती, काठी घेऊन खुरडत चालायचा. त्याला त्याची खोली दाखवली. खिडकी, पलंग, भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, आता तुम्ही निघा, निरोप घेत बसू नका, त्रास होतो त्यांना. ती दारापर्यंत जाऊन वळली. त्याने उशीचा अभ्रा तोंडात घातला होता. त्याला काही त्रास झाला नाही.

घरी येऊन तिने साखरेच्या कपाटाचं कुलूप काढलं. मग पुन्हा लावलं. मग काढलं. मनगट बरं झालं पण वाकडं जुळलं होतं, बारीक काम जमेना. लॅबच्या मालकाने साचे धुवायचं, प्लास्टर कालवायचं काम दिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून दात बसायचे.

मुलीला मूल झालं, मुलगा. ती नातवाला बघून आली. मुलीने विचारलं, "आई, तू आमच्याकडेच राहा ना. आता तुला तिकडे कोण आहे?" त्या बाळाला मांडीवर घेतलं की तिला आपल्याच हातांची भीती वाटायची. कडीवरून खाली आलेले हात. "बघू," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी परतली.

दर बुधवारी ती केंद्रावर जायची. भेटीची मोठी खोली होती, खुर्च्या भिंतीला लावलेल्या. भोंग्याचं बोलणं आता गेलं होतं. एवढा मोठा आवाज, पण शेवटी नुसता घशातला एक हुंकार उरला होता. ती पिशवीतून काहीतरी गोड, मऊ, घशात न अडकणारं काढायची. तो खायचा. ती सांगायची, जिन्याला नवा कठडा बसवला, नातू उभा राहायला लागला. खाऊन झालं की तो उठायचा आणि काठी टेकत निघून जायचा, कित्येकदा तिचं वाक्य अर्धं असतानाच.

त्याच खोलीत आणखी एक बाई यायची. शाळेत शिपाईण होती. तिचा नवरा याच्याहून जरा मोठा, आजार दुसऱ्या प्रकारचा. तो बायकोला आई म्हणायचा, मावशी म्हणायचा, वाटेल ते म्हणायचा, पण हात सोडायचा नाही. भेटीची वेळ संपली की लहान पोरासारखा भोकाड पसरायचा, "मला ने ना, मला घेऊन जा ना," म्हणून तिच्या पदराला लोंबकळायचा. दोन मदतनीस येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवायचे. ते रडणं फाटकापर्यंत ऐकू यायचं.

एका बुधवारी दोघी बरोबरच बाहेर पडल्या आणि बसच्या थांब्यावर बसल्या. समोर नुसता डांबरी रस्ता आणि पलीकडे विटांची भट्टी. शिपाईण डोळे पुसत होती, पुसले तरी पुन्हा भरत होते.

"दर वेळी काळीज तुटतं हो," ती म्हणाली. "घरी गेले तरी कानात तेच. घास उतरत नाही. वाटतं, येऊच नये." मग नाक शिंकरून हिच्याकडे वळली. "तुमचं त्या मानाने बरं आहे. तुमचे किती शांत जातात. रडणं नाही, भेकणं नाही."

भोंग्याच्या बायकोने तिच्या पदराकडे बघितलं. ओढून ओढून एका ठिकाणी शिवण उसवली होती. तिथून तिची नजर हलेना. ती उसवलेली शिवण बोट घालून बघावी, असं तिला वाटलं, इतकं वाटलं की तिने दोन्ही हात पिशवीखाली दाबून धरले.

"हो," ती म्हणाली. "माझं बरं आहे."

बस आली. चढताना शिपाईणीने तिला पुढे केलं, आणि दोघींना दोन वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली.